जुना डिस्ट्रिब्युटर निवडताना
एमजीबी किंवा जुन्या मिनीसाठी वापरलेला लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटर घेताना ‘बसला आणि गाडी सुरू झाली’ एवढ्यावर भुलू नये. बाहेरून सारखे दिसणारे हे डिस्ट्रिब्युटर आतून वेगळे असतात. बॉडीवर ठोकलेल्या पाच आकडी नंबरावरून तो कोणत्या इंजिनाचा ते कळते. सोबतचे आकडे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. मग नंबर जुळला की झाले, असे कुणी म्हणेल. पण इतक्या वर्षांत स्प्रिंगा, कॅम असे आतले भाग कुणीही बदललेले असू शकतात. म्हणून बेसप्लेट काढून कॅमच्या पायथ्याशी कोरलेला आकडाही पाहावाच. तिथे १० असेल, तर शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे इंजिनाला ठिणगीचा २० अंशांपर्यंत अ‍ॅडव्हान्स मिळतो, म्हणजे ठिणगी तितकी आधी पडते. हा अ‍ॅडव्हान्स गरजेपेक्षा जास्त झाला की नॉकिंग होते, पिस्टन खराब होऊ शकतो. आणि शाफ्ट आडवा हलत असेल, तर पॉइंटचा गॅप स्थिर राहत नाही. मग नंबर कितीही बरोबर असो, दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करावा.