शाळेच्या संगणकावरील वेगळा कप्पा

शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत प्रत्येक वस्तू केव्हा व कोठून आली हे लिहिलेले असते. म्हणूनच शिक्षकाची बदली झाली तरी कार्यभार सुरळीतपणे सोपविता येतो. शाळेतील संगणकालाही हाच न्याय लावणे अवश्य आहे.

लिनक्स कार्यप्रणालीच्या संगणकावर दोन प्रकारचे सॉफ्टवेअर असते. पहिले कार्यप्रणालीबरोबर आलेले. ते मुख्यत्वे 'यूएसआर' या फोल्डरात राहते व त्याची देखभाल कार्यप्रणाली स्वतः करते. दुसरे शिक्षकाने गरजेनुसार बाहेरून आणून बसविलेले. त्याकरिता 'यूएसआर'च्याच पोटात 'लोकल' नावाचा स्वतंत्र कप्पा राखून ठेवलेला असतो. ही व्यवस्था कोणाच्या लहरीवर अवलंबून नाही. लिनक्समधील फोल्डरांच्या रचनेचे पहिले मानक १९९४ साली प्रसिद्ध झाले. २०१५ सालच्या आवृत्तीतही हा कप्पा कायम आहे.

अशी फारकत कशासाठी? अद्ययावतीकरणाच्या वेळी कार्यप्रणाली आपल्या जुन्या फायलींच्या जागी नव्या घालते. शिक्षकाने त्याच जागी स्वतःची फाईल ठेवली असेल, तर ती पुसली जाण्याचा संभव असतो. याच्या उलट धोका अधिक मोठा आहे. समजा, एका शिक्षकास मुलांना शिकविण्यासाठी पायथन या संगणकभाषेची नवी आवृत्ती हवी आहे व त्याने ती मूळ आवृत्तीच्या जागीच बसविली. उबुंटूची अनेक अंतर्गत साधने त्या मूळ पायथनवरच विसंबून असतात. ती बंद पडतात आणि मुलांचा तास वाया जातो. तीच नवी आवृत्ती 'लोकल'मध्ये ठेवली, तर दोन्ही सुखाने नांदतात. आज्ञा दिली असता उबुंटू सामान्यतः प्रथम 'लोकल'मध्ये शोध घेते. त्यामुळे मुलांना नवी आवृत्ती मिळते व मूळ आवृत्तीस धक्का लागत नाही.

मात्र 'लोकल'मधील सॉफ्टवेअरची नोंद कार्यप्रणाली ठेवीत नाही व ते अद्ययावतही करीत नाही. ती जबाबदारी शिक्षकाची होय. यास्तव कार्यप्रणालीच्या भांडारात हवे ते सॉफ्टवेअर उपलब्ध असल्यास तेथूनच घ्यावे. नसल्यासच ते 'लोकल'मध्ये बसवावे आणि त्याचे नाव, आवृत्ती, ते कोठून घेतले व केव्हा बसविले, या चार बाबी वहीत लिहाव्यात.

अशी वही संगणकाजवळ असली म्हणजे बदलून आलेल्या शिक्षकास मूळचे कोणते व मागाहून आणलेले कोणते हे विचारीत हिंडावे लागत नाही. पहिल्या दिवसापासून त्यास मुलांना शिकविता येते.