उरलेल्या भाताचं गणित

शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले, ते बाहेर टाकलेल्या पत्रावळ्यांवरची शितं वेचून खाताना. बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरांत ही कथा मुलांनाही ठाऊक असते. त्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या मोठ्या गावांत लग्नसराई आली की मांडवामागे भात, पोळ्या, बुंदी यांचे ढीग साचतात. अन्नाला पूर्णब्रह्म मानणारी माणसं इतकं अन्न टाकून का देतात? याचं उत्तर स्वयंपाकाच्या अंदाजात आणि वाढण्याच्या पद्धतीत आहे. अन्न वाचवायचं असेल तर ते ताटात पडण्याआधीच वाचवावं लागतं. नंतरचा प्रत्येक उपाय थोडाफार तोट्याचाच.

घरातला पाऊण किलो

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अन्ननासाडीचा जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा, २८ टक्के हॉटेलं आणि खानावळींचा, तर १२ टक्के दुकानांचा होता. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबात रोज पाऊण किलो. यात साली, कोयी, हाडं असे न खाण्याजोगे भागही मोजलेले आहेत. खेड्यात हे प्रमाण साधारणपणे कमी भरतं, कारण साली आणि देठ गोठ्यात जातात. पण लग्न, तेरवी, भंडारा अशा मोठ्या स्वयंपाकाला हा हिशेब लागू पडत नाही. तिथे शेकडो माणसांचा अंदाज एका रात्रीत बांधायचा असतो, आणि अन्न कमी पडलं तर यजमानाची अब्रू जाते. म्हणून पातेलं नेहमी जास्तीचंच चढतं.

एका लग्नात ३० किलो शिजलेला भात टाकला गेला असं धरू. तांदूळ शिजून अडीच-तीन पट होतो, म्हणजे तो साधारण १० किलो तांदूळ झाला. एक किलो तांदूळ पिकवायला जागतिक सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी लागतं. त्या ढिगासोबत २५ हजार लिटर पाणी गेलं. भाताचं पीक या भागातलं नव्हे. तो तांदूळ पिकवणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी शिवारातलं हे पाणी, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पट्ट्यात येऊन मातीत जातं.

भात विटतो कसा?

उरलं तर गरजूंना द्या, हा सल्ला योग्य आहे. फक्त घड्याळ त्याच्या विरोधात असतं. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. भात ओलसर आणि कोमट राहिला की बीजाणूंतून जिवाणू वाढू लागतात आणि त्यांतले काही विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही. ५ ते ६० अंश सेल्सियस हा अन्नासाठी धोक्याचा टप्पा मानतात. वैशाखातला मांडव नेमका त्याच टप्प्यात असतो. त्यामुळे दुपारच्या पंगतीचा भात संध्याकाळी वाटणं हे पुण्याचं काम राहत नाही. वाटायचं असेल तर शेवटची पंगत बसतानाच, न वाढलेलं आणि झाकून ठेवलेलं अन्न निघालं पाहिजे. सुकी भाकर भातापेक्षा जास्त टिकते, कारण जिवाणूंना लागणारं मोकळं पाणी तिच्यात कमी असतं. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकणाऱ्या घरांनी हे अनुभवातून ओळखलं होतं.

मग ढीग गुरांपुढे ओतला जातो. इथेही जपायला हवं. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव चाऱ्यातला तंतू हळूहळू पचवण्यासाठी असतात. भात-पोळीचा स्टार्च अचानक मोठ्या प्रमाणात गेला की तो झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल साचतं आणि जनावर दगावूही शकतं. केरळात कोल्लम जिल्ह्यात जून २०२४ मध्ये पराठे आणि फणस जास्त खाऊन गाई मेल्याची घटना घडली होती. थोडं खरकटं चाऱ्यात मिसळून चालतं, घमेलंभर भात चालत नाही.

खड्ड्यातला वायू

उरलेलं सगळं नाल्यात किंवा खड्ड्यात जातं. ढिगाच्या आत हवा पोहोचत नाही, आणि तिथे मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. त्यांच्याच जातकुळीतले जीव शेजारच्या लोणार सरोवराच्या गाळातूनही पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मिळवले आहेत. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट प्रभावी आहे. जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात अन्नाची हानी आणि नासाडी यांचा वाटा ८ ते १० टक्के धरला जातो.

हेच सूक्ष्मजीव बंद टाकीत ठेवले तर चूल पेटवतात. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटं आणि स्टार्चयुक्त टाकाऊ पदार्थांवर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र विकसित केलं. २००६ साली त्याला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार साधा होता. शेणातली बरीचशी ऊर्जा जनावराने आधीच वापरलेली असते, खरकट्यातली मात्र शाबूत असते. तरीही माणसाचं पोट भरणारा भात टाकीत घालणं म्हणजे त्याची किंमत कमी करून घेणंच.

पुन्हा वाढा

नॉर्वेतल्या हॉटेलांमध्ये झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही हॉटेलांनी बफेची ताटं थोडी लहान केली. काहींनी फक्त एक पाटी लावली: हवं तितक्या वेळा या, एकदम भरून घेऊ नका. दोन्ही ठिकाणी नासाडी सुमारे २० टक्क्यांनी घटली. आपल्या पंगतीत हेच घडत होतं. वाढपी पुन्हा येणार ही खात्री असल्याने कुणी पान शिगोशीग भरून घेत नसे. बफेच्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागेल या धास्तीने माणूस पहिल्याच फेरीत ताट भरतो.

दुसरबीडला यासाठी कुठलं महागडं यंत्र नको. ताटं लहान ठेवा. वाढपी ठेवा, किंवा पाटी तरी लावा. सगळा तांदूळ एकदम वैरू नका. निम्मा शिजवून पंगती बघा आणि मग लागेल तसा बाकीचा वैरा. लग्न उरकलं की किती माणसं जेवली आणि किती भात उरला हे काट्यावर मोजून वहीत लिहा. दहा-वीस लग्नांची अशी वही आचाऱ्याकडे जमली, की किती पानांना किती तांदूळ पुरतो हे तो यजमानाला छातीठोकपणे सांगेल. मग अब्रूच्या धास्तीने जास्तीचं पोतं फोडावं लागणार नाही.