नांदूरमध्यमेश्वरचे पाहुणे व कांठचें शेत

निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधला गेला, तो कालव्यांसाठीं. नद्यांनीं आणलेला गाळ त्यामागें सांचला, उथळ पाणी व बेटें झालीं, आणि पक्षी आपण होऊन आले. १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. २०१९ सालीं रामसर कराराच्या यादींत गेलेलें हें महाराष्ट्रांतील पहिलें पाणथळ होय.

हिवाळ्यांत पहाटे चापडगांवच्या मनोऱ्यावर उभे राहिलों असतां हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आम्हांस दिसतात. हेच पक्षी कांठचा कोवळा गहू व हरभरा चरतात. ज्याचें शेत चरलें जातें त्याची तक्रार खोटी नव्हे. परंतु त्याच शेतांवर घिरट्या घालणारी कापशी घार उंदीर टिपते, हेंहि जमेस धरावें.

वाजवीपेक्षां अधिक टाकलेलें खत ओहळांनीं जलाशयांत गेलें म्हणजे पाणवेली माजतात व उघडें पाणी झांकलें जातें. यास्तव कांठच्या बागाइतदारांनीं बांधालगत गवताची पट्टी राखावी, खत मोजून द्यावें व औषधाचे पंप जलाशयांत धुऊं नयेत, अशी आमची विनंती आहे. तेंच पाणी पुढें पाटानें आपल्याच शेतकरी बांधवांच्या पिकांस जावयाचें असतें.