बुडालेल्या कंपनीचे पैसे कुणाला?
कर्जात बुडालेल्या कंपनीचं प्रकरण २०१६च्या दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे येतं. ते दाखल करून घेतलं की वसुलीचे दावे थांबतात, कारभार संचालकांच्या हातून जातो. वकिलाचा खरा कस लागतो तो वाटपाच्या क्रमात. कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायची ठरली, तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरतात. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांचीच, तीही त्यांच्यानंतर. म्हणून पगारदार कोणत्या वर्गात मोडतो, यावर कसून युक्तिवाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. क्रमाइतकाच वेळही महत्त्वाचा. जेट एअरवेज या विमान कंपनीचं प्रकरण मुंबईत जून २०१९मध्ये दाखल झालं; सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला नोव्हेंबर २०२४मध्ये. तोडगा काढण्याच्या प्रक्रियेसाठी असलेल्या ३३० दिवसांच्या कायदेशीर मुदतीपुढे हा काळ फारच लांबला, आणि त्याची झळ कर्मचाऱ्यांना बसली.