जुनी मोटार आणि बेताचा पैसा

निवृत्तीनंतर मी १९७८ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी घेतली आणि नवशिक्याच्या उत्साहाने प्रथम तिला रंग दिला! तिसऱ्याच आठवड्यात उतारावर ब्रेकचे पेडल तळाशी गेले. हँडब्रेकने निभावले.

ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. त्या ओलीने चाकाजवळील सिलिंडर आतून गंजतो, रबरी वाट्या खरवडतात व तेल गळते. माझ्या गाडीत चारही चाकांना तेल एकाच मार्गाने जात असल्याने एका गळतीने सारेच ब्रेक निकामी झाले. वाट्या स्वस्त असतात. परंतु सिलिंडरला खड्डे पडले असतील तर तोच बदलावा. मग नळ्यांतील हवा काढावी.

सुधारणा एकच केली. इंजिन मंद असता डायनामोची वीज अपुरी पडून दिवे मिणमिणत. तेथे ऑल्टर्नेटर बसविला. आसने अद्याप फाटकीच आहेत.