४२.३४ मीटरवरचा ट्रान्समीटर

४२.३४ मीटर. बेचाळीसच्या लढ्याबद्दल वाचताना हा आकडा भेटतो आणि सहसा आपण पुढे जातो. मी थांबलो, कारण हाताला हिशेब करायची सवय आहे. ही तरंगलांबी म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा, हॅम मंडळींचा, चाळीस मीटरचा पट्टा. भैंसा इथल्या माझ्या टेबलावर रोज संध्याकाळी याच पट्ट्यावर मुंबई-पुण्याचे आवाज उतरतात. त्या लढ्यातला गुप्त काँग्रेस रेडिओ या तरंगलांबीवर ज्या यंत्रातून बोलला, ते एखाद्या हॅमने घरीच जुळवलेलं असणार, असं मनाने घेतलं. वाचत गेलो तसा अंदाज खरा ठरला, आणि ते यंत्र जिथून चाललं ती ठिकाणं डोळ्यांनी पाहावीत म्हणून मी मुंबईत, गिरगावात गेलो.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलं. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी अशा तरुणांनी २७ ऑगस्टपासून काँग्रेस रेडिओ हे स्वतःचं केंद्र चालवलं. डॉ. राममनोहर लोहियाही पुढे त्याच्याशी जोडले गेले. चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरवर झालेला जुलूम या केंद्राने देशाला सांगितला.

माझं मन मात्र रेंगाळलं ते नरिमन प्रिंटर या माणसापाशी. मुंबईत रेडिओचं तंत्र शिकवणारा हा परवानाधारक हॅम. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि हौशी मंडळींचे परवाने रद्द झाले, संच सरकारजमा करायचा हुकूम निघाला. अशा काळात प्रिंटरने जुन्या हौशी संचाचे सुटे भाग जमवून ट्रान्समीटर पुन्हा उभा केला.

हे काम किती नाजूक, ते ज्याने डाख लावताना बोटं भाजून घेतली आहेत त्याला विचारा. आधी एक छोटा आंदोलक लागतो, तो एकाच वारंवारतेवर हटून बसला पाहिजे. खोली तापली तरी तो सरकता कामा नये. मग ती लहर शक्तिवर्धक व्हॉल्व्हकडे जाते. त्या व्हॉल्व्हला काहीशे व्होल्ट लागतात. तिथे चुकून हात लागला तर जीवावर बेततं. आणि शेवटी आवाज त्या लहरीवर स्वार करायचा, हेच एएम. खरी गोम इथे आहे. शेवटच्या व्हॉल्व्हला तुम्ही १०० वॅट पुरवत असाल, तर ती लहर पुरेपूर हेलकावायला ५० वॅटचा आवाज लागतो. मायक्रोफोनमधून येणारा कण एवढा मोठा करणारं दुसरं यंत्र, पहिल्याइतकंच जड, शेजारी ठेवावं लागतं. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी या तरुणांना सामान आणि तंत्रज्ञ दिले, त्याचं मोल मला तेव्हा उमगलं. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणारी ही कंपनी. आवाज मोठा करणं हाच तिचा धंदा.

माझा स्वतःचा पहिला एएम संच तीन आठवडे फक्त गुणगुणत होता. वीजपुरवठ्यातली पन्नास-शंभर हर्ट्झची घरघर आवाजात मिसळायची आणि ऐकणारा म्हणायचा, “भाऊ, चक्की चालू आहे का?” मोठे कपॅसिटर घातले, ट्रान्सफॉर्मर दूर सरकवला, तेव्हा कुठे शब्द सुटे झाले. मला घाई नव्हती, दाराशी पोलीस नव्हते. प्रिंटरला ही सवड नव्हती.

आणि संच एका जागी राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. चौपाटीजवळची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला, गिरगावातली पारेखवाडी: मुक्काम सारखे हलत होते, कारण सिग्नलची दिशा शोधणाऱ्या गाड्या मागावर होत्या. संच उचलून दुसऱ्या खोलीत मांडला की एरियल बदलते, आणि एरियल बदलली की सगळं जुळवणं नव्याने. कॉइलसमोरचा कपॅसिटर हळूहळू फिरवायचा, मीटरचा काटा खाली झुकतो तो क्षण पकडायचा, मग एरियल जोडायची, पुन्हा काटा पाहायचा. या तरंगलांबीला अर्ध्या लहरीची तार ताणली तर ती साधारण वीस मीटर भरते. मी पारेखवाडीच्या परिसरात मान वर करून बराच वेळ उभा होतो. दाटीवाटीच्या या वस्तीत, शेजाऱ्यांच्या नजरेआड, तार बांधायची कुठे? ती जितकी उघड्यावर, तितकी दूर ऐकू जाणार, आणि तितकीच डोळ्यांत भरणार. संध्याकाळनंतर सात मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून परतून पाचशे-सहाशे किलोमीटर सहज जातात. तेव्हा निजामाच्या मुलुखात असलेलं माझं भैंसाही त्यांच्या टप्प्यात होतं.

गाड्या फिरत राहिल्या, पण पोलीस पारेखवाडीत पोहोचले ते माणसामुळे. प्रिंटर पकडला गेला आणि त्याने ठिकाण दाखवलं. ज्या हातांनी तो संच जुळवला, त्यांनीच तो हवाली केला. मला याचा राग येतो, आणि तरीही त्या हातांच्या कसबाबद्दलचा आदर पुसता येत नाही. या दोन्ही गोष्टी घेऊनच मी गिरगावातून परतलो. १२ नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कार्यालयावर छापा पडल्याचं उषाबेनना ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी त्या चंद्रकांत झवेरींसोबत कार्यक्रमाला बसल्या. पोलीस दारं फोडून आत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत होती. ती थांबवायला सांगितलं, उषाबेननी थांबवली नाही. केंद्र सुरू होऊन अठ्ठ्याहत्तरावा दिवस होता तो.

खटल्यात बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. मोटवाने आणि विठ्ठलदास सुटले. येरवड्यातून उषाबेन १९४६ मध्ये बाहेर आल्या, विल्सन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागल्या. पुढे गांधी स्मारक निधीच्या अध्यक्ष म्हणून त्यांचं काम चालायचं ते मणिभवनातून, अजित व्हिला ज्या लॅबर्नम रोडवर, त्याच रस्त्यावर.