धागा तुटला की माग थांबतो

रुग्णालयांत टोयोटाची पद्धत कशी रुजते यावर लिही, असं संपादकांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांपुढे एखादं चकचकीत रुग्णालय असणार. मी आधी कडोदरा गाठलं. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि धुळ्याहून नवापूर, बारडोलीमार्गे सुरतेला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. सगळीकडे मागांच्या शेड, डाइंग मिला. खानदेशातल्या कितीतरी घरांची चूल या पट्ट्यातल्या पगारावर पेटते. टोयोटाच्या ज्या पद्धतीला जग ‘लीन’ म्हणतं, तिचं बीज मोटारीच्या आधी मागावर पडलं, म्हणून सुरुवात इथून.

टोयोटा ज्या घराण्यातून पुढे उभी राहिली, त्यातल्या साकिची तोयोदांचा स्वयंचलित माग 1924 मध्ये आला. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याच्या पेटंटचे हक्क विकत घेतले. ही पद्धत घडवणारे ताइची ओनो 1932 मध्ये तोयोदांच्या कापड कारखान्यातच नोकरीला लागले आणि पुढे टोयोटाच्या मोटारींकडे गेले. तिथे दोष दिसला की साध्या कामगारानं दोरी ओढायची आणि काम थांबवायचं, अशी मुभा मिळाली.

कडोदऱ्याच्या एका शेडमधल्या वॉटरजेट मागापाशी मी रेंगाळलो. शहाद्याकडचे एक जॉबर, म्हणजे मागांची देखभाल पाहणारे, काका समजावून सांगत होते. खडखडाटात त्यांना माझ्या कानाशी ओरडावं लागत होतं. बाण्याचा धागा पाण्याच्या बारीक धारेबरोबर पलीकडे फेकला जातो. पलीकडच्या कडेला धातूची दोन टोकं असतात. ओला धागा त्यांना टेकला की क्षीण वीज वाहते, म्हणजे धागा पोचला. नाही वाहिली, की माग जागच्या जागी बंद. काकांनी मुद्दाम धागा तोडून दाखवला. माग थांबला. “धागा तुटना, माग थांबना. नही थांबना तं आख्खा तागा वाया,” ते म्हणाले.

रुग्णालयात एवढं साधं टोक कुठे बसवायचं? अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे प्रमुख 2002 मध्ये सहकाऱ्यांना घेऊन जपानचे कारखाने पाहायला गेले. परतल्यावर नियम झाला: रुग्णाला धोका दिसला तर कुणीही, अगदी सफाई कर्मचाऱ्यानंही, काम थांबवावं आणि वरिष्ठांनी तातडीनं धावून यावं. तरीही 2004 मध्ये तिथे एका महिलेला तपासणीच्या द्रवाऐवजी जंतुनाशक टोचलं गेलं. दोन्ही द्रव रंगहीन, दोन्ही शेजारी शेजारी, नाव न लिहिलेल्या भांड्यांत. ती दगावली. रुग्णालयानं चूक जाहीर कबूल केली आणि एका माणसावर न ढकलता मांडणीच बदलली. मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा विजय त्यातच दिसतो.

आपल्याकडेही काही हललं आहे. 2015 पासून ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेला गुण मिळतात. सुरतेनं तर 1994 च्या प्लेगनंतर महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात अधिकाऱ्यांना रोज सकाळी वस्तीत उभं केलेलं पाहिलं आहे. जागेवर जाऊन पाहणं हा ओनोंचाही आग्रह होता.

पण काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. सल्लागार येतात, कपाटांवर पट्ट्या लागतात, रांग थोडी आखूड होते आणि मग ‘वाया जाणारं’ शोधता शोधता नजर माणसांवर जाते. दोन आयांचं काम एकीला. याच पद्धतीतलं साठा कमीत कमी ठेवण्याचं कौतुक 2020 मध्ये मास्क आणि हातमोजे संपले तेव्हा जगभर महागात पडलं. मागाला मोकळा वेळ नको असतो. वॉर्डाला हवा असतो, कारण रात्री दोन वाजता महामार्गावरून एकदम चार जखमी येतात.

दुसरी अडचण त्याहून चिवट. मागाला कुणाची भीती नसते. कंत्राटावरच्या नर्सला असते. मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला तरी ‘सर, थांबा’ म्हणायला तिची जीभ उचलत नाही, कारण पुढच्या महिन्याचा करार त्यांच्याच सहीवर असतो. शेडमध्येही तीच गत: मीटरवर मजुरी, म्हणून बंद माग कारागिराच्या खिशातून जातो. काकांनी ते बोलूनही दाखवलं.

म्हणून कुठल्याही रुग्णालयानं आम्ही ही पद्धत आणली असं सांगितलं, तर मी रांगेची मिनिटं नंतर विचारीन. गेल्या महिन्यात किती वेळा नर्सनं किंवा वॉर्डबॉयनं काम थांबवलं, त्या दिवशी अधीक्षक तिथे स्वतः आले का, आणि थांबवणाऱ्याला नंतर मेमो मिळाला का, हे आधी.